बेसिलची पाठवणी

एका गावात एक भोळा गडी राहत होता. गेनू त्याचं नाव. भोळा म्हणजे वेडा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही आत्ताच हसायला लागाल. अंगानं धट्टाकट्टा, कामाला कधी नाही म्हणायचा नाही, खोटं बोलणं तर त्याला जमायचंच नाही. खोड एकच. सांगाल तेच करायचा, आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. दुसरा कुणी असता तर विसरला असता आणि सगळ्यांचं भलं झालं असतं.

त्याची बायको कौसा. ती मात्र तरतरीत. लग्नाआधी ती तालुक्याच्या एका हॉटेलात कामाला होती, तिथं पिझ्झा करायला शिकली. आपल्या गावात पिझ्झा मिळत नाही, आपण सुरू करू, असं तिनं मनात घेतलं. गळ्यातलं डोरलं तेवढं ठेवून बाकी होतं नव्हतं ते सोनं तिनं मोडलं आणि एक जुना ओव्हन आणला. आता ओव्हन ठेवायला जागा हवी. एसटी स्टँडसमोर ताराआत्याचा एक गाळा रिकामा होता.

ताराआत्या म्हणजे अख्ख्या गावाची आत्या. तिच्या स्वतःच्या भावाला सोडून सगळे तिला आत्याच म्हणायचे. आत्यानं पिझ्झा कधी खाल्ला नव्हता आणि खाणारही नव्हती. ती कौसाला म्हणाली, आत्ता तू बस गाळ्यात. तुळशीचं लग्न झालं की माझा मुलगा नाशिकहून बायकापोरांना घेऊन येतो. त्यांना ते जे काय असतं ते खाऊ घाल. चांगलं म्हणाली तर गाळा कायमचा तुझा. नाक मुरडलं तर गाळा चपलावाल्याला, तो कधीपासून माझ्या मागं लागलाय.

कौसा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? गाळा गेला तर ओव्हन काय डोक्यावर ठेवायचा होता?

पिझ्झ्याला पानं लागतात. शहरात ती वाळलेली, पुडीत मिळतात. कौसाला ताजी हवी होती. तिनं परसात तेलाच्या जुन्या डब्यांत माती भरली आणि बी पेरलं. एका डब्यात बेसिल, एका डब्यात ओरेगॅनो. रोपं वर आल्यावर तिनं नवऱ्याला बोलावलं.

"अहो, ही बेसिल. ही आपल्या तुळशीची बहीण. तुळशीचं करतो तसं हिचं नीट करा."

गेनू म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून गेनू आंघोळ करून ओल्या अंगानं बेसिलपुढं उभा राहायला लागला. तांब्याभर पाणी, हळदकुंकू, उदबत्ती, प्रदक्षिणा, सगळं झालं. तुळशीची बहीण आलीय म्हटल्यावर शेजारच्या बायका कशाला मागं राहतील? त्याही आपापला तांब्या घेऊन आल्या. गल्लीतलं जे कोणी आंघोळ करी ते बेसिलला पाणी घालून जाई. आठवडा व्हायच्या आत बेसिल कुजून खाली बसली. वरचं कुंकू तेवढं तरंगत राहिलं.

कौसानं कपाळाला हात लावला. पण ती काही भांडखोर बाई नव्हती. तिनं नवं बी पेरलं आणि शांतपणे समजावून सांगितलं, अहो, असं दिसलं की ओतलं असं करायचं नसतं. आधी आत बोट घालून बघायचं. ओलं लागलं तर पाणी द्यायचं नाही. कोरडं लागलं तरच द्यायचं.

गेनू म्हणाला, "बरं."

त्याच दुपारी स्टँडवर गाडी लागली आणि ड्रायव्हर उतरून गाळ्यात आला. उन्हाचा घामाघूम झालेला. बाकावर टेकला आणि म्हणाला, जरा पाणी द्या हो. गेनू जवळ गेला. त्याला वाकून म्हणाला, तोंड उघडा. ड्रायव्हरला वाटलं, गावाकडची माणसं प्रेमळ असतात, वरून धार सोडून पाजत असतील. त्यानं आ केला. गेनूनं बोट आत घातलं, नीट चारी बाजूंनी फिरवलं आणि बाहेर काढून बघितलं.

"ओलं आहे," गेनू म्हणाला. "उद्या बघू."

ड्रायव्हरनं गाडी त्या दिवशी वेळेच्या आधी काढली म्हणतात. एसटीच्या बाबतीत मी तरी असं दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

कौसानं पुन्हा समजावलं. गिऱ्हाईक म्हणजे आपल्या दारात आलेला पाहुणा. त्याला आधी बसा म्हणायचं, घरचे बरे आहेत का विचारायचं, काय हवं नको ते विचारायचं, तो सांगेपर्यंत थांबायचं आणि मगच हात हलवायचा. गेनू बरं म्हणाला.

महिन्याभरानं एकदा पिझ्झा ओव्हनमध्ये होता आणि बाहेर कॉलेजची पोरं वाट बघत होती. कौसानं सांगितलं, अहो, पळत घरी जा आणि बेसिलची मूठभर पानं आणा. गेनू पळत गेला. बेसिल आता चांगली वर आली होती. गेनू तिच्यापुढं उकिडवा बसला. घरचे कसे आहेत, म्हणून विचारलं. पाऊसपाणी कसं आहे विचारलं. मग काय हवं नको ते विचारलं आणि थांबला. बेसिल काही बोलेना. गेनूला वाटलं, लाजते आहे, नवीन आहे. तो आणखी थांबला. इकडं पिझ्झा आधी लाल झाला, मग काळा झाला, मग स्टँडवरची माणसं कुठं काय जळतंय म्हणून बघायला आली.

यावेळी कौसाचा आवाज थोडा चढला. ती म्हणाली, झाडाला कसलं विचारता? कात्री घ्यायची, शेंडा दिसला की छाटायचा. झाडाला ते बरंच असतं. वरून छाटलं की खालून दाट फुटतं.

"दाट फुटतं?" गेनूनं विचारलं.

"दाट फुटतं."

गेनू म्हणाला, "बरं."

आमच्या गावचे खंडागळे गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, मोठा माणूस, सगळे मानतात. गुरुजींच्या डोक्यावर वरच्या बाजूला मोजकेच केस राहिले होते, पण लांब होते. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून गुरुजी ते या कानापासून त्या कानापर्यंत पसरून बसवायचे. अख्खं गाव बघायचं आणि कुणी काही बोलायचं नाही. एका सकाळी ते चहासारखं काहीतरी मिळेल म्हणून गाळ्यात आले. गार वारा सुटला होता, केस उभे राहिले होते. गुरुजी ते खाली बसवत सहज म्हणाले, काय रे गेनू, विरळ झाले बघ सगळे.

गेनूला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं हो, गुरुजींनी त्याला पहिलीत शिकवलं होतं. तो आत गेला, बेसिलची कात्री घेऊन आला आणि मागून, गुरुजींना कळायच्या आत, सगळे शेंडे बुडापासून उतरवले. वर पाण्याचा हबका मारला. म्हणाला, आता दाट फुटतील.

 गुरुजी नुसते डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. कौसा त्यांच्या पाया पडली, पिझ्झा घरी पोचवते म्हणाली, पण गुरुजी टोपी आणायला निघून गेले. तेव्हापासून ते टोपीतच असतात, आणि खरं सांगायचं तर टोपीत बरे दिसतात.

कौसा गेनूला म्हणाली, आता शेवटचं सांगते. गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावायचा नाही. तोंड बघायचं त्याचं. त्याच्या तोंडून ज्याचं नाव येईल ते पिझ्झ्यावर घालायचं, संपलं. यात काय चूक होणार, असं तिला वाटलं. तिचंही चुकलंच म्हणा, इतक्या दिवसांत कळायला हवं होतं.

गेनू म्हणाला, "बरं."

बाजारच्या दिवशी कौसा चीज आणायला तालुक्याला गेली होती. पिठाचे गोळे लाटून, वर लाल चटणी पसरून तिनं सगळं मांडून ठेवलं होतं. भिकोबा नावाचा एक शेतकरी गाळ्यात आला, बाकावर बसला आणि लगेच फोनवर बोलायला लागला. पलीकडं त्याची बायको होती. ती बाजारातून काय काय आणायचं ते सांगत होती, आणि विसरू नये म्हणून भिकोबा एकेक नाव मोठ्यानं म्हणत होता. शेपूची जुडी. भुईमुगाच्या शेंगा. हिरवी मिरची. लसूण. म्हशीला पेंड.

गेनू कामाला लागला. समोर बाजारच भरलेला, कमी कशाची? शेपू निवडून बारीक केला. शेंगा भाजून, सोलून, जाडसर कुटल्या. मिरची आणि लसूण ठेचून ठेचा केला. पेंडेचा एक खडा मधोमध ठेवला. वर उरलंसुरलं चीज घातलं आणि भट्टीत सरकवलं. भिकोबाचं फोनवरचं बोलणं संपायच्या आत पिझ्झा त्याच्या पुढ्यात आला. बोलता बोलता त्यानं तो उचलला आणि खाल्ला. सगळा खाल्ला. हात पुसत म्हणाला, झकास आहे, फक्त मधला खडा जरा दाताला लागला.

झालं. भिकोबानं बाजारभर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गाळ्यात गर्दी उसळली. कुणी मेथी मागायचं, कुणी वांग्याचं भरीत. एकानं पिठलं घालायला लावलं, वरून कच्चा कांदा. वारकरी आळीतल्या एका म्हाताऱ्याला दात नव्हते, त्यानं गूळ-तूप घालून घेतला आणि रोज यायला लागला. शेपू, शेंगदाणा आणि ठेचा तर असा खपायला लागला की कौसा लाटून दमायची. पेंड तेवढी तिनं बंद केली. पहिल्यांदाच तिला वाटलं की गाळा आपल्याला मिळणार. नवऱ्याकडं बघून ती हसलीसुद्धा.

तेवढ्यात ते सासूचं झालं.

खालच्या आळीची शेवंता मैत्रिणीबरोबर पिझ्झा खायला आली होती. पिझ्झा येईपर्यंत काय करायचं, म्हणून ती सासूबद्दल बोलत बसली. सासूचं नाव गोदाबाई. दर वाक्याला गोदाबाई. गेनू ऐकत होता. मग तो हळूच बाहेर पडला. थोड्या वेळानं परत आला तो गोदाबाईला हाताला धरून. म्हातारी विचारत होती, कशाला रे बोलावलंय? गेनूनं तिला ओव्हनपाशी उभं केलं, एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा पिझ्झ्याकडं बघितलं.

"कौसे," तो म्हणाला, "ह्यांच्यासाठी मोठा लाटावा लागेल."

पुढं त्या घरात काय झालं ते मी सांगत नाही, माझं तिकडं जाणं-येणं आहे.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. कौसानं विचार केला, आता नवऱ्याला गिऱ्हाइकापुढं उभं करण्यात अर्थ नाही. आत्याची माणसं येतील आणि हा त्यांच्या तोंडात बोट घालील. तिनं त्याला जवळ बसवलं. म्हणाली, अहो, आता दुकानाचं मी बघते. तुम्ही फक्त डबे बघायचे. नाशिकच्या पाहुण्यांच्या पिझ्झ्यावर मला ही ताजी पानं घालायची आहेत, सगळं त्यावर आहे.

"बेसिलला पोटच्या लेकीसारखी सांभाळा," ती म्हणाली. "एवढंच करा."

गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. तो म्हणाला, "बरं."

आणि सांभाळलं हो त्यानं. बोट घालून पाणी दिलं, शेंडे छाटले, उन्हाच्या वेळी सावलीत नेलं, थंडी पडली तर फडकं पांघरलं. बेसिल अशी फोफावली की परसात शिरलं की वास यायचा. ओरेगॅनोही डब्याबाहेर लोंबायला लागला. कौसा निर्धास्त झाली. नवऱ्याला एक काम जमलं, असं तिनं शेजारणीलाही सांगितलं.

तुळशीच्या लग्नाची संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायचे होते, म्हणून कौसा गाळ्यात पीठ मळत बसली होती. गावात दारोदार ऊस उभे केले होते, पोरं चिंचा-आवळे पळवत होती, प्रत्येक अंगणातून मंगलाष्टकं ऐकू येत होती. गेनू परसात डब्यापाशी बसला होता. त्याच्या मनात आलं, हिच्या बहिणीचं दरसाल लग्न लागतं, आणि ही एवढी वाढलेली पोर अजून घरात. लोक काय म्हणत असतील? बाप झोपलाय म्हणत असतील.

तो उठला. डोक्याला रुमाल बांधला आणि स्थळ बघायला निघाला.

स्थळ त्याला लगेच मिळालं. ताराआत्याच्या अंगणात मरव्याचं एक जुनं, डेरेदार झुडूप होतं. मरवा म्हणजे बायका गजऱ्यात घालतात तो, वासाचा. मुलगा सुवासिक, निर्व्यसनी, घर पक्कं, अंगण मोठं. गेनूला नाव ठेवायला जागा दिसली नाही. तो पळत घरी गेला, बेसिलच्या डब्याला खणाचा तुकडा गुंडाळला, मुंडावळ्या बांधल्या आणि डबा खांद्यावर घेऊन आला. आत्याच्या अंगणात तुळशीचं लग्न लागतच होतं. त्यानं बेसिल मरव्याशेजारी ठेवली. मंगलाष्टकं चालूच होती, अक्षता पडतच होत्या, त्यात ह्याही दोघांचं उरकून गेलं. आत्याला वाटलं, कौसानं शोभेला झाड पाठवलंय. ती म्हणाली, राहू दे तिथंच.

गेनू आत्याच्या पाया पडला. रडत घरी आला. मग त्याला आठवलं, लेक पहिल्यांदा सासरी जाते, तर बरोबर पाठराखीण हवी. तो ओरेगॅनोही उचलून पोचवून आला.

सकाळी नाशिकची मंडळी आली. आत्यानं निरोप पाठवला, पोरांना भूक लागलीय, घरीच घेऊन ये. कौसानं पिझ्झे भाजले. शेपू, शेंगदाणा, ठेचा घातलेले. वास तर असा सुटला की स्टँडवरची कुत्री येऊन बसली. आता वर ताजी पानं तेवढी हवी होती. ती कात्री घेऊन घरी गेली. परस रिकामं.

"अहो, बेसिल कुठाय?"

"नांदायला गेली," गेनू म्हणाला. आणि त्यानं सगळं सांगितलं.

कौसा मटकन खाली बसली. मग म्हणाली, जाऊ दे, आत्याच्याच अंगणात आहे ना, जा आणि मूठभर पानं मागून आणा. गेनू तिच्याकडं बघतच राहिला. लेकीच्या सासरचं आपण पाणीसुद्धा पीत नाही, आणि तू मला तिच्या अंगावरचं मागायला पाठवतेस, असं तो म्हणाला. तो जागचा हलला नाही.

शेवटी कौसाच पिझ्झ्यांची परात डोक्यावर घेऊन आत्याच्या घरी गेली. गेनू मागून गेला, लेक रात्री नीट झोपली का बघायला. नाशिकचा मुलगा, सून, नातवंडं ओटीवर ताटं घेऊन बसली होती.  कौसानं परात खाली ठेवली आणि लपवाछपवी न करता जे झालं ते सांगून टाकलं. म्हणाली, आत्या, पानं तुमच्या अंगणात आहेत, आणि गाळ्याचं काय ते तुम्ही ठरवा.

आत्यानं मरव्याकडं बघितलं. त्याच्या शेजारी मुंडावळ्या बांधलेली बेसिल उभी होती. आत्याला हसू फुटलं, आणि हसता हसता ती पायरीवर बसली. मग स्वतः उठून अंगणात गेली. बेसिलची पानं खुडली, ओरेगॅनो खुडला, आणि जावई कशाला मागं राहील म्हणून मरव्याचे चार तुरेही घेतले. सगळं पिझ्झ्यावर टाकलं. पोरांनी पहिला घास घेतला आणि दुसऱ्या घासाला भांडायला लागली. सुनेनं विचारलं, हा वास कसला, असा पिझ्झा नाशकात कुठं मिळत नाही. मुलानं आणखी एक मागितला. ताराआत्यानं आयुष्यात पहिल्यांदा पिझ्झ्याचा तुकडा तोंडात टाकला, आणि मग अख्खा संपवला.

"विहीणबाई," आत्या कौसाला म्हणाली, "आता सोयरीकच झाली. गाळा तुमचा. चपलावाल्याला मी नाही म्हणून सांगते."

कौसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. 

तेवढ्यात गेनू पुढं झाला. त्यानं करगोट्याची गाठ सोडली, गाळ्याची किल्ली काढली, एक सुपारी काढली, आणि दोन्ही आत्यापुढं ठेवून नमस्कार केला. म्हणाला, ही कालच परत द्यायला हवी होती, गडबडीत राहून गेली. लेकीच्या सासरची जागा आम्हाला चालत नाही.

 नाशिकच्या सुनेचा घास हातातच राहिला. कौसानं नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा नावानं हाक मारली, तीही अशी की स्टँडपर्यंत ऐकू गेली. आत्यानं किल्ली परत पुढं केली. गेनूनं हात मागं घेतले. बापाची रीत आहे, म्हणाला. आत्या जुन्या वळणाची. व्याह्यानं रीत सांगितल्यावर तिला ती मोडता येईना.

"अहो व्याही, पण असं किती दिवस?" तिनं विचारलं.

"नातवंड होईपर्यंत," गेनू म्हणाला. "नातवंड झालं की आम्ही जेवूसुद्धा."

आत्यानं किल्ली कनवटीला खोचली. म्हणाली, ठीक आहे, तोवर गाळा बंद. दुसऱ्या कुणाला देणार नाही, हा माझा शब्द.

तेव्हापासून गाळ्याला कुलूप आहे. कौसा समोरच्या कडुलिंबाखाली ओव्हन मांडून पिझ्झे विकते, आणि गिऱ्हाईक तिथंही तुटून पडतं. सोबतीला दुसऱ्या डब्यात नवी बेसिल आहे, पण तिच्याजवळ ती गेनूला फिरकू देत नाही. आत्याच्या अंगणातल्या बेसिलला आता फुलं आलीत, आणखी थोड्या दिवसांत बी धरेल म्हणतात. गेनू आपला निवांत आहे. रोज उठून आत्याच्या अंगणात जाऊन डब्याच्या मातीत डोकावून बघते ती कौसाच, कुठं काही उगवलंय का म्हणून. परवा तर ती डिंकाचे लाडू घेऊन गेली होती.